मराठा पलटणीच्या मागावर, इटलीत

सोमवार : रोम – कासिनो

मी मिलानला नोकरीला आले तेव्हापासून मामांचं एकच टुमणं होतं. "ते व्हेनिस-बिनिस राहू दे पोरी, मला मोंतोने दाखव." मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आमचं आजोळ माणगाव तालुक्यातलं. माणगावच्या तहसील कचेरीबाहेर नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), यांचा पुतळा आहे. तो पाहतच आम्ही भावंडं वाढलो. पण पळसगाव-आमडोशीचा हा बावीस वर्षांचा जवान दुसऱ्या महायुद्धात मोंतोनेजवळच्या ज्या डोंगरात पडला तिथे आमच्यापैकी कुणी गेलेलं नव्हतं. या जुलैत मामा औषधांचा डबा आणि मेतकुटाची बरणी घेऊन रोमला उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीने आम्ही निघालो.

मोंतोने रोमच्या उत्तरेला, पण आधी आम्ही दक्षिणेला गेलो. घाडग्यांना कबर नाही. त्यांचं नाव आहे ते कासिनोच्या स्मारकावर, इटलीच्या मोहिमेत गेलेल्या पण थडगं नसलेल्या ४,००० हून अधिक सैनिकांच्या यादीत. मामांचं म्हणणं, आधी नावाला भेटू, मग जागेला.

कासिनोची दफनभूमी गावाबाहेर सपाटीवर आहे आणि बरोबर डोक्यावर, पाचशे मीटरहून उंच डोंगरावर, मोंते कासिनोचा तो प्रसिद्ध ख्रिस्ती मठ. मामांनी आत शिरल्यावर थडग्यांकडे पाहिलंच नाही. मान वर करून ते मठाकडे बघत राहिले. "वरच्याला खालचं सगळं दिसतंय. इथे चहाचा मग उचलला तरी त्याला कळणार." रोमकडे जाणारा रस्ता या डोंगराच्या पायथ्यातून जातो आणि डोंगर जर्मनांच्या हातात होता. जानेवारी ते मे १९४४ या काळात दोस्त राष्ट्रांनी इथे चार लढाया लढल्या. १५ फेब्रुवारीला मठावर प्रचंड बॉम्बफेक केली. तोवर मठाच्या आत जर्मन फौज नव्हती. ढिगारे झाल्यावर मात्र तिने त्यातच मोर्चे बांधले. त्या ढिगाऱ्यांवर चढून जायचं काम चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या वाट्याला आलं. मार्चमध्ये नवव्या गुरखा रायफल्सची एक पलटण मठाच्या ऐन खाली, एका खडकाळ टेकाडावर आठवडाभराहून अधिक काळ अडकून राहिली. अन्नपाणी विमानातून टाकत, त्यातलं बरंचसं घरंगळून जर्मनांकडे जाई. शेवटी रात्रीच्या अंधारात त्यांना मागे बोलावून घेतलं. टेकाड हातात होतं, पण पुढे काही घडत नव्हतं.

मामांना या गोष्टीत जास्त रस होता. "घेण्यापेक्षा सोडणं अवघड," म्हणाले. "मागे फिरायचा हुकूम देणाऱ्याला कुणी पदक देत नाही."

११ मेच्या रात्री आठव्या हिंदी डिव्हिजनने खालची गारी नदी ओलांडली. दुसऱ्या दिवशी पंजाब रेजिमेंटचा एकोणीस वर्षांचा शिपाई कमल राम याने तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीत भारतीय सैनिकांना असे सहा क्रॉस मिळाले. दोस्तांच्या सगळ्या सैन्याला मिळून वीस, त्यातले सहा. सुमारे ५०,००० भारतीय इथे लढले, ५,७८२ परत गेले नाहीत. आपल्याकडे बर्माबद्दल बोलतात, आझाद हिंद सेनेबद्दल बोलतात. इटली मात्र कुणाच्या गावीही नसते. परक्या राजासाठी लढलेली लढाई आपली कशी म्हणायची, हा संकोच त्यामागे असावा. मला तो समजतो. पण संकोच करायचा तर नीट माहिती घेऊन करावा.

स्मारकावर हिरव्या संगमरवराच्या उंच शिळा आहेत, मध्ये लांबट पाण्याचं कुंड. नावं रेजिमेंटप्रमाणे लावलेली असल्याने मराठ्यांची शिळा सापडायला वेळ लागला नाही. घाडगे सापडले. त्यांच्या आजूबाजूला पवार, मोरे, शिंदे, कदम, एखाद्या गावच्या मतदारयादीत असावीत तशी. मामांनी नावावर बोट ठेवलं, मग पुढच्या नावावर, मग त्याच्या पुढच्या. ऊन मी म्हणत होतं. त्यात त्यांची आषाढी. कासिनोच्या सुपरमार्केटमध्ये उपासाला चालेल असं केळी आणि बटाट्याचे वेफर्स एवढंच मिळालं. वेफर्स सूर्यफुलाच्या तेलातले असल्याने त्यावरही दहा मिनिटं विचार झाला.

मंगळवार : तेवेरेचं खोरं

दिवसभर गाडी. रोमला वळसा घालून ओर्तेपर्यंत मोठा महामार्ग, तिथून पेरुजाकडे. रोममधून वाहणारी टायबर, इथे तिला तेवेरे म्हणतात, वरच्या खोऱ्यात अगदीच साधी नदी आहे. दोन्हीकडे सूर्यफुलं आणि तंबाखूची शेतं. तंबाखू दिसल्यावर मामांना निपाणी आठवली आणि बेळगावचं ट्रेनिंगही. तिथून उंबेर्तिदे येईपर्यंत त्यांच्या उस्तादांचे किस्से चालले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

रोम ४ जून १९४४ ला पडलं, पेरुजा २० जूनला. नकाशावर वाटतं की जर्मन पळत सुटले होते. तसं नव्हतं. उत्तरेला अपेनाइन डोंगरात त्यांची गॉथिक लाइन नावाची तटबंदी तयार होत होती आणि तिला वेळ हवा होता. म्हणून प्रत्येक टेकडीवर दोन-चार मशीनगन, थोडे तोफमारेवाले, रस्त्यात सुरुंग, उडवलेले पूल. समोरच्याने हल्ल्याची तयारी करावी, रक्त सांडावं, टेकडी घ्यावी. तोवर हे पुढच्या टेकडीवर. उंबेर्तिदेपासून चित्ता दि कास्तेल्लो गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. दहाव्या हिंदी डिव्हिजनला तिथे पोचायला २२ जुलै उजाडला. डोंगरात गाड्या चढत नसत, म्हणून दारूगोळा आणि पाणी खेचरांवरून.

या दहाव्या डिव्हिजनचा सेनापती मेजर जनरल डेनिस रीड. मूळचा मराठा पलटणीचा अधिकारी. १९४१ साली एरिट्रियातल्या केरनच्या लढाईत तिसऱ्या मराठा पलटणीचं नेतृत्व त्याने केलं होतं. १९४२ च्या जूनमध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात तो पकडला गेला, इटलीत कैदेत राहिला, तिथून निसटला, आणि त्याच इटलीत डिव्हिजन घेऊन परत आला. त्याच्या हाताखाली तीच तिसरी पलटण होती, आणि तिच्यात नाईक घाडगे. मामांना हे मी गाडीत सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे जनरलला आपली पोरं ठाऊक होती. मराठी कळत असणार त्याला." मग जरा थांबून म्हणाले, "ठाऊक असली म्हणजे पाठवताना जास्तच जड जातं."

उंबेर्तिदेच्या चौकाला २५ एप्रिलचं नाव आहे. इटलीत गावोगावी हे नाव असतं, कारण १९४५ साली तो मुक्तीचा दिवस. इथे मात्र त्याला दुसराही अर्थ आहे. आदल्या वर्षी त्याच तारखेला दोस्तांच्या विमानांनी पुलावर नेम धरला आणि बॉम्ब वस्तीवर पडले. सत्तरच्या आसपास माणसं गेली. मुक्त करणाऱ्यांच्या हातून मेलेल्यांचं काय करायचं हे कुठल्याच देशाला ठरवता आलेलं नाही. उंबेर्तिदेने निदान नावं लक्षात ठेवली आहेत.

मुक्काम मोंतोनेत. टेकडीवरचं तटबंदीचं गाव, गाडी वेशीबाहेर लावायची आणि चढायचं. पंधराव्या शतकातला भाडोत्री सेनापती ब्राच्चो फोर्तेब्राच्चो इथल्या सरदार घराण्यातला, त्याच्या नावाचा तोरा गावभर मिरवतो. आणि आता या गावात घाडग्यांचंही स्मारक आहे: एक सूर्यघड्याळ, २०२३ च्या जुलैमध्ये बसवलेलं. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मला वाक्य जरा गोड वाटलं. मामांना आवडलं. त्यांनी टोपी घातली, कडक सॅल्यूट केला आणि मला फोटो काढू दिला नाही.

बुधवार : टेकड्यांवर, मग अरेत्सो

सकाळी सहालाच निघालो. मामांना नेमका दगड नको होता, उतार हवे होते. गावातून निघणाऱ्या एका कच्च्या वाटेने आम्ही समोरच्या डोंगररांगेकडे चालत गेलो. ओकची खुरटी झाडी, मध्येच जैतुनाची बाग, दगडी बांध घातलेली शेतं, आणि सगळीकडे घड्या. एका घडीतून पुढची दिसत नाही.

१० जुलै १९४४. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात जे लिहिलंय ते थोडक्यात असं. तिसऱ्या पलटणीच्या एका कंपनीने पक्क्या मोर्चावर हल्ला केला. घाडग्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि घाडगे सोडून सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले. आपल्या पाठीशी कुणी उरलेलं नाही हे माहीत असूनही ते थेट मशीनगनवर धावून गेले. आधी हातगोळा: गन आणि ती चालवणारा दोन्ही बंद. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग शत्रूच्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या मोर्चातच ते गेले.

शाळेत ही गोष्ट सांगतात तेव्हा 'बेभान होऊन' असं म्हणतात. मामांना हा शब्द अजिबात मान्य नाही. एका बांधावर बसून त्यांनी मला ती काही मिनिटं उलगडून दाखवली.

"सेक्शन म्हणजे दहा माणसं. एक ब्रेनगन, म्हणजे हलकी मशीनगन, बाकी रायफली, नाइकाकडे टॉमीगन. कर्नलकडे नकाशा असतो, वायरलेस असतो. नाइकाकडे काय? घसा. तो ओरडेल तेवढ्या अंतरातच त्याची हुकमत. आता समोरून गन सुरू झाली. जर्मनांची ती गन मिनिटाला बाराशे गोळ्या टाकायची, एकेक गोळी ऐकूच येत नाही, कापड फाटल्यासारखा एकच आवाज. दहातले नऊ पडले. आता नाइकाने काय करायचं?"

मी म्हटलं, "झोपून राहायचं?"

"लांबून मारा असता तर हो. जवळून असेल तर झोपलेला माणूसही दिसतो. मागे सरकायचं तर पाठ उघडी, आणि जखमी तिथेच. मग पुढेच जागा उरते. गोळा टाकल्यावर त्यांची मुंडी खाली जाते, ते दोन-तीन सेकंद त्याचे. हे त्याला शिकवलेलं असतं. गोळा, मग टॉमीगन, मग दस्ता. क्रम बघ. बेभान माणसाला क्रम सुचत नाही."

टॉमीगनच्या मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. सलग दाबली तर अडीच-तीन सेकंदांत रिकामी. आणि नळी तापलेली, ती उघड्या हाताने धरायची. मानपत्रात या हातांबद्दल काही नाही.

"पाठीत गोळी कशी?" मी विचारलं. विचारताना जरा चाचरले.

"कारण तो त्यांच्या मधोमध पोचला होता. चहूबाजूंनी ते, मध्ये हा."

मामांचं पटलं, तरी मला मानपत्रांबद्दल एक तक्रार आहेच. ती एकाला उचलून घेतात. त्या सेक्शनमधले बाकीचे, जे पहिल्याच फैरीत कोसळले, त्यांनीही तोच चढ चढला होता. ब्रेनगनवाला कोण होता? जखमींतला कुणी वाचला का, पुढे गावी जाऊन त्याने काय सांगितलं? कासिनोच्या शिळेवर त्यांच्यातलीही काही नावं असतील, पण कुठलं नाव कुठल्या उतारावरचं हे शिळा सांगत नाही.

व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला नोव्हेंबर १९४४ मध्ये. पुढच्या वर्षी दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेलच्या हस्ते तो घेतला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. तिसरी पलटण पुढे १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाईलला उतरली ती हीच, २ पॅरा. मामांच्या तोंडी हे सगळं एका दमात येतं, जणू घराण्याची वंशावळ.

दुपारी अरेत्सोची दफनभूमी पाहिली. तिथेही भारतीय सैनिक पुष्कळ आहेत आणि दहन झालेल्यांसाठी वेगळं स्मारक आहे. पण सकाळच्या चढाने मामांचा गुडघा बोलायला लागला होता, त्यामुळे अर्ध्या तासात परतलो आणि हॉटेलवर मेतकूट-भात केला. हॉटेलवाल्या बाईंनी वास घेऊन कृती विचारली.

गुरुवार : मोंतेगुफोनी

आजचा दिवस माझ्या आग्रहाचा. फ्लोरेन्सच्या नैर्ऋत्येला, मोंतेस्पेर्तोलीजवळ, मोंतेगुफोनी नावाचा एक जुना गढीवजा वाडा आहे, आता त्याचं हॉटेल झालंय. युद्धात उफीत्झी संग्रहालयाची चित्रं बॉम्बपासून वाचवण्यासाठी खेड्यापाड्यांतल्या वाड्यांत हलवली होती. १९४४ च्या उन्हाळ्यात नेमकी आघाडी या वाड्यांवरून सरकली. तळघरात गावकरी आसरा घेऊन बसलेले, वरच्या दालनांत भिंतींना टेकवून बोत्तिचेल्लीचं 'वसंत', जोत्तोची मॅडोना, उच्चेल्लोची सान रोमानोची लढाई. उफीत्झीचा ग्रंथपाल चेझारे फासोला चित्रांच्या काळजीने फ्लोरेन्सहून इथवर पायी आला आणि इथेच राहिला.

आणि वाडा घेतल्यावर पहारा बसला तो मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. आघाडीवर आलेले एक स्कॉटिश लेखक आणि एक बीबीसीचे वार्ताहर दालनात शिरले तर पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रांपाशी आपली माणसं उभी!

त्या पहारेकऱ्याच्या मनात काय आलं असेल, यावर गाडीत आमचा वाद झाला. मला वाटत होतं, संगमनेरच्या किंवा महाडच्या एखाद्या पोराने 'वसंत'मधल्या पारदर्शक वस्त्रातल्या त्या नाचणाऱ्या तिघी पाहून काहीतरी झकास शेरा मारला असणार. मामा म्हणाले, "ड्यूटी दोन तासांची. पहिली दहा मिनिटं चित्र बघतो, मग पाय बघतो, मग घड्याळ." मला हे उत्तर माझ्या कल्पनेपेक्षा खरं वाटलं. पण त्याच पहाऱ्यामुळे कुणी शेगडी पेटवायला चौकट तोडली नाही, कुणी वळकटी टेकवली नाही. जग ज्याच्यासाठी उफीत्झीत रांगा लावतं, ते रक्षण करायचा हुकूम त्या आठवड्यात एका मराठी संत्रीकडे होता. उफीत्झीत गेलात तर 'वसंत'समोर एवढं आठवा. आम्ही गेलो नाही. तिकिटं संपली होती.

शुक्रवार : घाट आणि सेनियो

फ्लोरेन्सहून फाएन्झाकडे मार्रादी-ब्रिसिगेल्ला असा जुना घाटरस्ता जातो. गॉथिक लाइन याच डोंगरांत होती. सप्टेंबर १९४४ मध्ये आठवी हिंदी डिव्हिजन हे डोंगर चढली, आणि मग पाऊस सुरू झाला. चिखलात खेचरं रुतली, नद्या फुगल्या, हिवाळा आला. घाट उतरून सपाटी लागली तेव्हा मला हुश्श वाटलं. मामा मात्र म्हणाले, "आता खरी पंचाईत." त्यांचं बरोबर होतं. एमिलिया-रोमान्याच्या या सपाटीवर एकामागून एक नद्या आडव्या जातात आणि प्रत्येकीला पूर रोखायला दोन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध. पाणी कमी, बांध भारी.

सेनियो ही त्यातलीच एक. लूगोजवळच्या सान पोतितोच्या बाजूला आम्ही बांधावर चढलो. मानपत्रातले आकडे असे: नदी १५ फूट रुंद, ४ ते ५ फूट खोल, बांध ३० ते ३५ फूट उंच. आजही वरून खाली पाहिलं की पाणी क्षुल्लक दिसतं. आपल्याकडच्या ओढ्याला पावसाळ्यात याहून जास्त पाणी असतं. या रेषेवर १९४५ चा सगळा हिवाळा दोन सैन्यं समोरासमोर बसली. जर्मनांनी बांधाच्या पोटात बोगदे आणि बिळं कोरली होती. बांधाच्या माथ्यावरून पलीकडे हातगोळे फेकायचे, एवढंच अंतर.

९ एप्रिल १९४५ ला शेवटचा हल्ला सुरू झाला. दुपारी शेकडो अवजड बॉम्बफेकी विमानं, मग तोफा, मग ज्वाळा फेकणाऱ्या गाड्या, आणि संध्याकाळी पायदळ. इतकी आग ओकल्यावर समोर कुणी जिवंत नसेल असं वाटावं. पण बांधाच्या पोटात माणसं जिवंत होती.

जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, इथून पार झाली. शिपाई नामदेव जाधव, निमज, तालुका संगमनेर, कंपनी रनर. घाडगे आणि जाधव दोघेही नोव्हेंबर १९२१ चे. एकाकडे नाइकाचे फीत-पट्टे, दुसऱ्याकडे काहीच नाही. रनर म्हणजे काय, हे मामांनी सांगितलं: वायरलेस बंद पडला की कंपनी कमांडरचा हुकूम पायांनी पोचवणारा. त्यामुळे तो सतत साहेबाच्या मागे. कुठली प्लाटून कुठे आहे, गोळे कुणाकडे शिल्लक आहेत, मागे यायची वाट कोणती, हे साहेबाखालोखाल त्यालाच ठाऊक.

पाण्यातून पश्चिमेच्या काठावर येताच किमान तीन मोर्चांमधून त्यांच्यावर मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे ठार, एकटे जाधव शाबूत. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून आणि त्या उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. दोन्ही वेळा वरून मॉर्टर (उखळी तोफा) आणि मशीनगन चालूच.

मामा इथे बांध उतरून पाण्यापर्यंत गेले आणि परत चढले, रिकाम्या हाताने. गुडघ्याचं मी आठवून दिलं, तर हाताने झटकून टाकलं. वर आल्यावर बराच वेळ श्वास लागला होता. "ओला माणूस खांद्यावर," एवढंच म्हणाले.

माणसं पोचवल्यावर जाधव तिथे थांबू शकले असते. कुणी नाव ठेवलं नसतं. ते तिसऱ्यांदा गेले. जवळच्या मोर्चावर धावून टॉमीगनने तो गप्प केला. हाताला गोळी लागली, घोडा दाबता येईना, तेव्हा टॉमीगन फेकून दिली आणि हातगोळे घेतले. गोळे संपले तसे सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन मागच्या उतारावरच्या जवानांकडून आणखी घेतले. आणखी दोन मोर्चे संपवले. मग माथ्यावर, मॉर्टरचा मारा चालू असताना, उभे राहून मराठ्यांची आरोळी ठोकली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावलं.

मी या प्रवासाला निघाले ती घाडग्यांसाठी, पण माझ्या मनात घर केलं ते या शेवटच्या प्रसंगाने. घाडग्यांना हुकूम द्यायला कुणी उरलं नाही. जाधवांना हुकूम द्यायचा अधिकारच नव्हता. त्या बांधावर उभा असलेला माणूस पलटणीतला सगळ्यात खालचा होता, आणि कंपन्या त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर निघाल्या. मी मामांना विचारलं, "त्या क्षणी कमांड कुणाची?"

"जो उभा आहे त्याची," मामा म्हणाले. "पण हे चालतं ते दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला दुसरा साहेब आला पाहिजे, नाहीतर माणसं पांगतात. गोष्टीत ते सांगत नाहीत."

त्याच संध्याकाळी याच नदीवर, फुझिन्यानोजवळ, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही मशीनगनचे मोर्चे घेऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. कोहाटचे पठाण. एकाच नदीवर, एकाच दिवशी, दोन शिपाई. अडीच वर्षांनी त्यांचे देश वेगळे झाले. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लूगो मोकळं झालं.

लूगोत रात्री जेवलो. हे पहिल्या महायुद्धातल्या वैमानिक फ्रांचेस्को बाराक्काचं गाव. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे फेरारी गाड्यांवर आला. चौकात त्याचं स्मारक इतकं मोठं आहे की मामा म्हणाले, "ह्याला म्हणतात मार्केटिंग."

शनिवार : अल्फोन्सिने, फोर्ली

अल्फोन्सिनेत सेनियोच्या लढाईचं संग्रहालय आहे. छोटं, नीट मांडलेलं. हे गाव लढाईत पार उद्ध्वस्त झालं होतं. शस्त्रं, गणवेश, सुरुंग आणि भरपूर छायाचित्रं. पगडीवाले जवान बरेच दिसले. मामांनी काचेतल्या टॉमीगनजवळ उभं राहून वजनाचा अंदाज सांगितला, शिवाय ती चालवायला का चांगली आणि चिखलात का वाईट तेही. तिथली दोन इटालियन मुलं मी भाषांतर करायच्या आत मान डोलवायला लागली.

फोर्लीत भारतीय सैनिकांची स्वतंत्र दफनभूमी आहे. जवळजवळ पाचशे थडगी आणि दहन झालेल्यांचं स्मारक, त्यावर साडेसातशेहून अधिक नावं. मुसलमान जवान मातीत, हिंदू आणि शीख नावांत. वयं बघत गेलं की एकोणीस, वीस, बावीस. काहींच्या पुढे वयच नाही. मामा आता नावं मोठ्याने वाचत नव्हते. सावलीत बसून त्यांनी मला नामदेव जाधवांचं पुढचं विचारलं. सांगितलं: हवालदार झाले, २ ऑगस्ट १९८४ ला पुण्यात गेले. "म्हणजे बेचाळिशी उलटून, साठीही उलटून," त्यांनी हिशेब केला. "पोरंबाळं, शेती, सोसायटीचं कर्ज, सगळं बघितलं म्हणायचं." ही गोष्ट त्यांना क्रॉसपेक्षा मोठी वाटत असावी.

कुणाला जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. मोंतोनेला आणि सेनियोच्या बांधांवर स्वतःची गाडी हवीच. कासिनो, अरेत्सो, फोर्ली इथे नावांची नोंदवही असते, पण निघण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधून ठेवा. इंग्रजी स्पेलिंगचा भरवसा नाही, जाधव चार-पाच तऱ्हांनी लिहिलेले सापडतात, तेव्हा सगळ्या तऱ्हा करून बघा. घरातल्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचं डिस्चार्ज बुक असेल तर त्यातला सैनिक क्रमांक सगळ्यात उपयोगी. अल्फोन्सिनेच्या संग्रहालयाच्या वेळा आधी बघा. आणि शक्य असेल तर जुलैऐवजी एप्रिलमध्ये जा: बांधावर कुठेही सावली नाही.